ऑर्किडची पानं मऊ पडून सुरकुततायत? पाणी वाढवायच्या आधी मुळं बघा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या झाडाला हाच त्रास आहे की दुसरा काही ते लगेच कळेल. झाड कुठलं तर फॅलेनॉप्सिस, म्हणजे गिफ्टच्या दुकानात नि नर्सरीत नुसतं "ऑर्किड" म्हणून जे सगळीकडे मिळतं ते, खाली रुंद जाडसर पानं आणि वर वाकलेल्या दांड्यावर पतंगासारखी पांढरी नाहीतर जांभळी फुलं. आणलं तेव्हा पानं टणक, चकचकीत होती. आता ती लुळी पडून कुंडीच्या काठावर टेकलीयेत, त्यांच्यावर लांबीच्या दिशेने बारीक सुरकुत्या आल्यात, चकाकी गेलीये, आणि पान दोन बोटांत धरलं तर जुन्या पाकिटाच्या चामड्यासारखं वाकतं. कळ्या असतील तर त्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. नवीन पान आलंच तर आधीच्यापेक्षा छोटं. झाड हलकेच धरून हलवलं तर कुंडीत डुगडुगतं. यातली तीन-चार लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

सगळ्यात खालचं एकच पान हळूहळू पिवळं पडतंय आणि बाकीची टणक आहेत, तर ते पान म्हातारं झालंय, गळू द्या. दोन-अडीच महिने फुलून मग फुलं गळाली तर तेही ठीकच. पण पानावर पाणीदार काळपट-तपकिरी डाग आहे आणि तो काल होता त्यापेक्षा आज मोठा दिसतोय, तर मधलं काही न वाचता सरळ शेवटच्या भागाकडे जा, तिथे वेळ महत्त्वाची आहे.

मी ठाण्यात राहते, आठ-नऊ वर्षं हीच झाडं सांभाळतेय, आणि या काळात माझी, बहिणीची नागपूरची, बिल्डिंगमधल्या लोकांची, नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोणाकोणाची अशी चाळीसेक तरी झाडं याच एका तक्रारीसाठी माझ्या ओट्यावर उलटी करून बघितलीयेत. त्यातल्या बहुतेकांची गोष्ट एकच निघते. पान मऊ दिसलं, माणसाला वाटलं तहान लागलीये, पाणी वाढवलं, पान अजून मऊ झालं, अजून पाणी घातलं. माझं पहिलं झाड असंच गेलं, आणि तेव्हा मला कोणी सांगितलं नाही म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

मऊ पानाचा अर्थ फक्त एवढाच की पानापर्यंत पाणी पोचत नाहीये. ते दोन कारणांनी होतं. एकतर कुंडीत पाणीच नाही, नाहीतर पाणी भरपूर आहे पण ते ओढून घेणारी मुळं सडून गेलीत. वरून बघितलं तर दोन्ही झाडं अगदी सारखी दिसतात, आणि उपाय मात्र एकमेकांच्या बरोब्बर उलटे. त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाही, खालचे तपास क्रमाने करायचे, पहिले सगळे फुकट आहेत.

मुळांचा रंग

झाड ज्या आतल्या प्लास्टिकच्या कुंडीत आहे ती बहुतेक वेळा पारदर्शक असते. ती कॉफीच्या ग्लाससारखी दिसते म्हणून लोक सिरॅमिकमध्ये लपवून टाकतात, पण ती पारदर्शक ठेवलीये ती मुळं दिसावीत म्हणूनच. बाहेर काढा, उजेडात धरा, फिरवून फिरवून बघा.

या ऑर्किडच्या मुळाला वरून स्पंजसारखं एक जाड आवरण असतं, पोकळ मेलेल्या पेशींचं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ चंदेरी-करडं दिसतं, आणि ओलं झालं की आवरण पाण्याने भरून आतला हिरवा रंग दिसायला लागतो. म्हणजे मुळं स्वतःच तुम्हाला सांगतायत. सगळी मुळं चंदेरी, कुंडीच्या आतल्या बाजूला थेंब नाही, पानं मऊ, तर झाड खरंच तहानलंय. मुळं हिरवी, टणक, भरलेली दिसतायत तर मुळं ठीक आहेत आणि कारण दुसरीकडे शोधायचं, जागा, ऊन, कीड. आणि मुळं तपकिरी, काळपट, चपटी झालेली, कुंडीच्या आत कायम वाफ धरलेली, तर सड सुरू झालीये, आणि या परिस्थितीत आणखी एक घोटसुद्धा पाणी घालू नका.

कुंडी अपारदर्शक असेल तर हा तपास होत नाही, पुढच्यावर जा.

वजन आणि काडी

कुंडी उचला. पाणी दिल्यावर नि आठ दिवसांनी अशी दोन-तीनदा उचलून बघितली की हाताला फरक कळायला लागतो, कोरडी कुंडी अगदी हलकी लागते. मग बार्बेक्यूची बांबूची काडी घ्या, नसेल तर अगरबत्तीची मसाला नसलेली काडी चालेल, मुळं चुकवून कुंडीच्या मध्यापर्यंत हळूच घाला आणि दहा मिनिटं राहू द्या. बाहेर काढून गालाला लावा. गार लागली, रंग गडद झाला, तर आत ओल आहे, वरचा थर कितीही कोरडा दिसला तरी.

हा तपास मी सगळ्यांना आवर्जून करायला लावते कारण वरचा थर नेहमी फसवतो. वर सालीचे तुकडे असतात ते दोन दिवसांत सुकतात, आणि बरोब्बर झाडाच्या बुडाखाली मॉसचा, म्हणजे सुकवलेल्या शेवाळाचा, एक घट्ट गोळा असतो तो पंधरा दिवस भिजलेला राहतो. त्या गोळ्याबद्दल पुढे येते.

"आठवड्यातून एकदा पाणी" हा नियम विसराच. मे महिन्यात नागपुरात बहिणीच्या घरी कुंडी चार दिवसांत खडखडीत होते, आणि जुलैत माझ्याकडे ठाण्यात तीच कुंडी बारा-पंधरा दिवस ओली राहते, कारण हवेतच इतकं पाणी असतं की आतलं पाणी जायला जागा नाही. वार बघून पाणी घातलेली झाडं पावसाळ्यातच मरतात, बिचारी दिसायला मात्र दिवाळीच्या आसपास लागतात. तेवढा वेळ का लागतो? हे झाड पानात पाणी साठवतं, आणि पानांवरची श्वासरंध्रं निवडुंगासारखी बहुतेक रात्री गारव्यात उघडतं, त्यामुळे त्याचं पाणी फार हळू खर्च होतं. मुळं पार गेली तरी ते पानातल्या साठ्यावर महिना-दोन महिने तग धरतं, कधी तर फुलंही तशीच टिकून राहतात. म्हणून फुलं छान आहेत म्हणजे झाड छान आहे असं समजू नका.

काडी कोरडी निघाली आणि मुळं चंदेरी-टणक असली तर तुमचं काम सोपं. बादलीत साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या, कुंडी काठाच्या जरा खालीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग बाहेर काढून जाळीवर पूर्ण निथळू द्या. सकाळी करा. नुसतं वरून कपभर पाणी घातलं तर सालीच्या तुकड्यांमधून ते सरळ खाली वाहून जातं, मुळं भिजतच नाहीत, आणि आपल्याला वाटतं घातलं की पाणी. आठवडाभरात पान थोडं सावरायला लागलं तर पुढचं काही करायची गरज नाही.

बाहेरची शोभेची कुंडी

हे बघायला अर्धा मिनिट लागतं आणि माझ्याकडे आलेल्या झाडांत किती जणांचा प्रश्न इथेच सापडलाय! बाहेरच्या सिरॅमिक कुंडीला खाली भोक नसतं. आतली कुंडी तिच्यात ठेवून वरून पाणी घातलं की खाली दोन बोटं पाणी साचतं आणि खालची मुळं दिवसरात्र त्यात उभी. काही गिफ्टच्या कुंड्यांमध्ये तर वरून चकचकीत गोटे नाहीतर रंगीत जेली घालून सगळं बंद केलेलं असतं, हवा जायला फटच नाही. ते सगळं काढून टाका. शोभेची कुंडी ठेवायचीच असेल तर पाहुणे येतील तेव्हा ठेवा, किंवा खाली विटेचे तुकडे घालून आतली कुंडी उचलून धरा आणि साचलेलं पाणी दर वेळी ओता.

पाणी साचणं इतकं वाईट का हे समजून घ्यायचं असेल तर जूनमध्ये कोकणात जाऊन आंब्याच्या झाडावरची सीतेची वेणी बघा. तीही ऑर्किडच, आपल्याकडे तर ऑर्किडला आमरी म्हणतात. तिची मुळं खोडाला चिकटून उघडी लोंबत असतात, चार महिने मुसळधार पाऊस खातात आणि तरी सडत नाहीत, कारण पावसाची सर थांबली की वारा त्यांना सुकवतो. फॅलेनॉप्सिस मूळचं आग्नेय आशियातलं, पण राहणी तीच, झाडावर, मातीशिवाय. म्हणजे पाण्याने मुळं सडत नाहीत, पाण्याबरोबर हवा बंद झाली की सडतात. मुळाच्या आजूबाजूच्या फटी पाण्याने भरून राहिल्या की मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेल्या मुळाला मग बुरशी धरते. (आणि हो, ही बघायला जा म्हटलं, उपटून आणायला नाही. रानातली आमरी फ्लॅटच्या गॅलरीत फार क्वचित जगते.)

जागा

मुळं चांगली असूनही पानं मऊ असतील तर इथे बघा. झाडावर एसीचा झोत येतोय का? एसी हवेतली ओल काढून घेतो आणि पानं मुळांच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सुकतात. विदर्भात कूलर असेल त्यांचं उलट आहे, कूलरची हवा दमट असते, झाड त्याच खोलीत पण झोताच्या बाहेर ठेवलं तर उन्हाळा बरा जातो. पश्चिमेच्या खिडकीत दुपारचं ऊन थेट येतं, पान हाताला गरम लागलं तर तिथून हलवा, नाहीतर पांढरट भाजल्यासारखा डाग पडतो आणि तो कधीच जात नाही. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं कोवळं ऊन चालतं. पानावर हात धरला तर हाताची सावली अंधुक का होईना दिसली पाहिजे, एवढा उजेड हवा. टीव्हीच्या शेजारी, टीपॉयवर, आतल्या पॅसेजमध्ये ठेवलेली झाडं पाणी पितच नाहीत म्हणून कुंडी सुकत नाही आणि मग परत तेच, सड.

कळ्या गळत असतील तर डायनिंग टेबलावर शेजारी पिकायला ठेवलेले आंबे किंवा केळी आहेत का तेही बघा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने कळ्या पिवळ्या पडतात.

पाणी कुठलं

कुंडीच्या काठाला, सालीच्या तुकड्यांवर, मुळांच्या टोकांना पांढरा थर दिसतोय? तो क्षारांचा. बोअरचं पाणी किंवा जास्त झालेलं खत. क्षार साचले की मुळाला पाणी ओढणं जड जातं आणि टोकं जळतात, म्हणजे मुळं ओली असूनही पान उपाशी. महापालिकेचं पाणी असेल तर बहुतेक प्रश्न येत नाही. बोअर किंवा टँकर असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या, मीटर फार महाग नसतो, आरओ वाल्याकडेही असतो. दोनशेच्या खाली असेल तर मी निश्चिंत असते, पाचशेच्या वर असेल तर ते पाणी ऑर्किडला देऊ नका, आरओचं चांगलं पाणी द्या, किंवा पावसाळ्यात गॅलरीत बादली लावून साठवा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र अजिबात नाही, सगळे क्षार त्यातच असतात.

खताचं एका वाक्यात, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि आजारी झाडाला शून्य. मुळं नसलेल्या झाडाला खत देणं म्हणजे त्याच्या आजारात भर.

कीड

मोबाईलचा टॉर्च लावून पानांच्या खालच्या बाजूला आणि पान जिथे बुडाला मिळतं त्या बेचक्यात बघा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. तपकिरी, नखाने खरवडले की निघणारे चपटे ठिपके म्हणजे खवले कीड. दोन्ही रस शोषतात. इअरबड मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढायचे, पाच-सात दिवसांनी परत, असं निदान तीन-चार वेळा, कारण अंडी पहिल्या वेळी सुटतात. घरात झोपायच्या खोलीत विषारी फवारे मारू नका, एका कुंडीसाठी ते करायची खरंच गरज नसते.

इथपर्यंत पैसे जवळजवळ लागले नाहीत आणि झाडाला आपण धक्काही लावलेला नाही. आता पुढे झाड कुंडीतून काढायचं आहे, त्यामुळे वरचं सगळं करून संशय सडीवरच येत असेल, किंवा झाड डुगडुगत असेल, तरच पुढे जा. मुळं चांगली असलेलं फुललेलं झाड उगाच उकरू नका.

कुंडीतून काढून बघणं

कुंडी चारी बाजूंनी दाबून सैल करा, झाड बुडाला धरून हळू वर घ्या. अडलं तर कुंडी कापा, मुळं ओढू नका. सालीचे तुकडे झटकले की मध्यभागी, बरोब्बर खोडाखाली, मॉसचा गोळा सापडेल, बऱ्याचदा त्याला बारीक जाळी किंवा छोट्या प्लास्टिकच्या कपाचं कवच असतं. हे रोप लहान असताना मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये त्या गोळ्यात वाढवलेलं असतं. तिथे हवा, उष्णता, पाणी सगळं मोजून असतं म्हणून तो गोळा तिथे चालतो. आपल्या घरात तो कधी सुकतच नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या सडलेल्या झाडांत निम्म्याहून जास्त वेळा सड या गोळ्यातच सुरू झालेली होती, बाहेरची मुळं हिरवीगार आणि मधली सगळी काळी. म्हणून पारदर्शक कुंडीतून सगळं ठीक दिसत असूनही पानं मऊ असतील तर हा गोळा पहिला संशयित. पाण्यात भिजवून, बोटांनी किंवा चिमट्याने थोडा थोडा करत पूर्ण काढून टाका, जाळी कात्रीने कापून काढा. अर्धा तास लागतो, घाई करू नका.

आता प्रत्येक मूळ दोन बोटांत दाबून बघा. रंगावर जाऊ नका, अंधारात वाढलेलं मूळ पिवळट-तपकिरी असूनही जिवंत असू शकतं. टणक लागलं म्हणजे जिवंत. दाबल्यावर पचकन पाणी आलं, किंवा वरची साल निसटून आत दोऱ्यासारखी तार राहिली, तर ते मेलेलं.

कापणं आणि नवीन कुंडी

कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून किंवा स्पिरिटने पुसून घ्या, आणि दुसऱ्या झाडाला हात लावायच्या आधी परत ज्योतीवर धरा. हे लोक टाळतात, पण ऑर्किडचे विषाणू कात्रीच्या पात्यावरूनच एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांना औषध नाही. मेलेलं मूळ टणक भाग लागेपर्यंत कापा. थोडं ठेवू या, बघू या, असं करू नका, राहिलेला सडका भाग शेजारच्या मुळाला घेऊन जातो. कापलेल्या टोकांना चिमूटभर दालचिनीची पूड लावते मी, फक्त टोकांना, कारण ती कोरडं करते आणि चांगल्या मुळाला लागली तर त्यालाही सुकवते. मग झाड सावलीत, हवेशीर, उघडंच एक दिवस ठेवा म्हणजे जखमा सुकतील. उघडं ठेवायला जीव घाबरतो, पण झाडावर राहणारं झाड आहे हे, एका दिवसात काही होत नाही.

मुळं अर्ध्याहून कमी राहिली असतील तर फुलाचा दांडा कापून टाका. मला माहितीये, हे ऐकून सगळ्यांचं तोंड उतरतं. पण फुलं पानातलंच पाणी घेतात, आणि दांडा फुलदाणीत पाण्यात ठेवला तर फुलं पुढेही कितीतरी दिवस राहतात, म्हणजे पूर्ण वाया जात नाहीत.

कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्यायची, मोठी नाही. मोठ्या कुंडीत मधली ओल सुकत नाही. चार इंची पारदर्शक मिळाली तर उत्तम, नाहीतर प्लास्टिकचा पारदर्शक डबा घेऊन तापवलेल्या जुन्या स्क्रूड्रायव्हरने खाली आणि बाजूंना भरपूर भोकं पाडा, मी कित्येक झाडं अशीच लावलीयेत. भरायला काय? माती कधीच नाही, कोकोपीटची पूडही नाही. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, जिथे हवा दमट आहे तिथे लोणारी कोळशाचे आणि विटेचे सुपारीएवढे तुकडे, त्यात थोडी पाइनची साल. नागपूर, सोलापूर, संभाजीनगर अशा कोरड्या हवेत तेच मिश्रण फार लवकर सुकतं, तिथे नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा थोडं सुटं मॉस मिसळा. सोडणाचे तुकडे वापरण्याआधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालून रोज पाणी बदला, त्यात क्षार असतात. पुण्या-नाशिकवाले मधलं काहीतरी करू शकतात.

झाड कुंडीत धरा, खोडाचं बूड काठाच्या जरा खाली, पण पानांचं बूड कधीच गाडायचं नाही. तुकडे टाकत टाकत कुंडीला बाहेरून टपल्या मारा म्हणजे ते मुळांमध्ये बसतील. झाड डुगडुगत राहिलं तर काठीला सुतळीने सैल बांधा, कारण हलणाऱ्या झाडाची नवीन मुळांची टोकं घासून मोडतात. पहिलं पाणी तीन-चार दिवसांनी.

एकही मूळ राहिलं नसेल तर

पानं अजून हिरवी असतील आणि मधला पोंगा, म्हणजे नवीन पान जिथून येतं तो गाभा, टणक नि हिरवा असेल तर अजून एक प्रयत्न करता येतो. मूठभर स्फॅग्नम मॉस भिजवून अगदी घट्ट पिळून घ्या, एक थेंब पडता कामा नये. पारदर्शक झिपची पिशवी घ्या, मॉस खाली, झाड त्याच्या वर नुसतं टेकवलेलं, बूड मॉसमध्ये रुतवायचं नाही. पिशवी बंद करून उजेडात पण उन्हाच्या बाहेर ठेवा, उन्हात ठेवली तर आत झाड शिजेल. एक-दोन दिवसाआड उघडून पाच मिनिटं हवा द्या, बुरशी दिसली तर मॉस बदला. आतली हवा दमट असल्यामुळे पानांतलं पाणी उडत नाही आणि झाडाला नवीन मूळ काढायला वेळ मिळतो. महिना ते तीन महिने लागतात. माझी अशी साधारण निम्मी वाचलीत. मूळ दोन-तीन इंच झालं की कुंडीत.

बरं होतंय हे ओळखायचं कसं? सुरकुतलेली जुनी पानं पुन्हा पूर्ण गुळगुळीत होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. हिरवं किंवा लालसर चमकतं नवीन मुळाचं टोक दिसलं, आणि पुढचं पान टणक आलं, की झाड वाचलं. फुलांची घाई करू नका, निदान एक हंगाम जाऊ द्या. पुढे झाड सशक्त झालं की दांडा यायला काही आठवडे गार रात्री लागतात, पुणे-नाशिकला त्या नोव्हेंबरपासूनच फुकट मिळतात, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकी उघडी ठेवली की जमतं.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

पानावर पाणीदार डाग दिवसागणिक पसरतोय आणि त्याला कुजका वास येतोय, तर ती बहुधा जिवाणूंची सड आहे, दोन-चार दिवसांत पूर्ण झाड जातं. झाड ताबडतोब बाकीच्यांपासून लांब ठेवा, पाणी बंद, पानाचा तेवढा भाग डागाच्या एक इंच पुढे, निरोगी भागातून, निर्जंतुक कात्रीने कापा. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा पुढे सरकलेला दिसला तर तिथे थांबा, घरगुती उपाय आणखी करत बसू नका. पोंग्यात पाणी साचून मधलं कोवळं पान ओढलं की हातात येत असेल तरी तेच. (पाणी देताना पोंग्यात गेलं तर लगेच टिश्यूने टिपायचं, एवढं केलं तर ही वेळ येत नाही.) पानांवर पिवळे-हिरवे चट्टेपट्टे किंवा फुलांच्या रंगात तुटक विचित्र रेघा येत असतील तर विषाणूचा संशय, आणि त्या झाडाला कात्री लावूच नका.

बुरशीनाशकाचंही असंच. कार्बेन्डाझिम नि मॅन्कोझेब एकत्र असलेली पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, लिटरला दोन ग्रॅम, हातमोजे नि मास्क घालून, घराबाहेर, एकदा मुळं बुडवायला मी वापरलीये. एकदा वापरून सड थांबली नाही तर प्रमाण वाढवू नका, दुसरं औषध त्यात मिसळू नका. बुरशी आणि जिवाणू यांची औषधं वेगळी असतात आणि डोळ्याने दरवेळी फरक कळत नाही.

अशा वेळी ऑर्किडच वाढवणाऱ्या नर्सरीत जा, नुसती विकणाऱ्या नाही. फरक ओळखायला एकच प्रश्न विचारा, फुलं गेलेली झाडं तुमच्याकडे कुठे ठेवलीयेत. वाढवणारा माणूस तुम्हाला मागे नेऊन दाखवतो. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना दाखवता येतो का ते आधी फोन करून विचारा. जाताना झाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, म्हणजे वाटेत दुसऱ्या झाडांना लागण नाही, आणि डागाचे रोजच्या रोज काढलेले फोटो, कुठलं पाणी देता, शेवटचं पाणी कधी दिलं, कुठलं औषध किती वापरलं हे कागदावर लिहून न्या. पहिले प्रश्न हेच विचारतात.